प्रतिकार, नियमन आणि वंध्यत्व : मराठी वैद्यकीय परिभाषेची एक चिकित्सा

१

परिभाषा तयार करताना शब्दाचा नवा अर्थ ठरविता येतो, परंतु त्या शब्दाच्या अंगी पूर्वीपासून असलेले अर्थ पुसून टाकता येत नाहीत. शास्त्रज्ञाला संज्ञेचा व्याख्येतील अर्थ तेवढा अभिप्रेत असतो. सामान्य भाषिक मात्र ती संज्ञा आपल्या भाषेच्या एकूण व्यवहारात ऐकतो आणि तिला तिच्या भावंडांच्या शेजारी बसवतो. गणितात किंवा खगोलशास्त्रात यामुळे फारसे बिघडत नाही. वैद्यकात बिघडते; कारण तेथे संज्ञा ऐकणारा मनुष्य स्वतःच त्या संज्ञेचा विषय असतो.

शरीराच्या संरक्षक व्यवस्थेचे नियमन करणारी प्रथिने, त्या व्यवस्थेचा स्वतःच्याच शरीराविरुद्ध उठणारा शोथ आणि पुरुषाची प्रजननक्षमता या तीन गोष्टींचा परस्परसंबंध गेल्या काही दशकांत बराच स्पष्ट झाला आहे. मराठीत हा विषय मांडताना जी परिभाषा हाताशी येते ती हे ज्ञान कितपत वाहून नेऊ शकते, आणि कोठे ती त्या ज्ञानाच्या उलट अर्थ सुचविते, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

या चिकित्सेसाठी रावेर तालुका समोर ठेवला आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि पूर्वेस मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर अशा सीमांत वसलेल्या या तालुक्यात शाळेची मराठी, घरातील लेवा बोली, डोंगराच्या पायथ्याच्या तडवी व पावरा समाजांची भाषा आणि बऱ्हाणपूरकडून येणारी हिंदी-उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात घडलेली संज्ञा येथे पोचेपर्यंत तिच्या व्याख्येचा बराच भाग गळून पडतो आणि उरतो तो तिचा सहज कानावर येणारा अर्थ. म्हणून परिभाषेची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

२

ज्या इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द रूढ झाला, त्या ‘इम्युनिटी’ शब्दाच्या मुळाशी युद्धाची कल्पना नाही. लॅटिन भाषेत ‘इम्युनिटास’ म्हणजे सार्वजनिक कर्तव्यांतून किंवा करांतून मिळालेली सूट. मराठी महसुली भाषेत ज्याला ‘माफी’ म्हणत, किंवा इनाम जमिनीला सारा न भरण्याची जी मोकळीक असे, तिच्याशी या शब्दाचे नाते आहे. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या रोगापासून जणू माफी मिळते, एवढाच वैद्यकातील त्याचा प्रारंभीचा आशय होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोगजंतूंचा शोध लागला, मेचनिकॉफने जंतू गिळणाऱ्या पेशींचे वर्णन केले, आणि माफीची कल्पना मागे पडून संरक्षणाची व लढाईची कल्पना पुढे आली.

मराठी वाचकाला हे शास्त्र भेटले ते या दुसऱ्या अवस्थेत. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा स्थिरावली आणि १९२५ पासून ती हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. साथ, शत्रू, लस आणि बचाव हा त्या काळाचा अनुभव होता. अशा काळात ‘प्रतिकार’ हा शब्द निवडला जावा, यात नवल नाही.

तथापि संस्कृत वैद्यकात दुसरा एक शब्द उपलब्ध होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अठ्ठाविसाव्या अध्यायात, ‘व्याधिक्षमत्व’ ही संज्ञा येते. सर्वच शरीरे व्याधी सोसण्यास सारखी समर्थ नसतात, हा तिचा संदर्भ आहे. ‘क्षम्’ या धातूत सामर्थ्य आणि सहन करणे हे दोन्ही अर्थ आहेत. ‘सक्षम’ आणि ‘क्षमा’ हे दोन शब्द त्याच धातूपासून निघाले. मराठीत ‘रोगप्रतिकारक्षमता’ असा लांबलचक शब्दही चालतो, परंतु त्यात ‘क्षमता’ हे पद केवळ ‘शक्ती’च्या अर्थाने उरले आहे. सोसण्याचा अर्थ नाहीसा होऊन प्रतिकाराचा तेवढा शिल्लक राहिला.

चरकाला आधुनिक पेशीविज्ञान ठाऊक होते असा दावा कोणी करू नये. तो निरर्थक ठरेल. मुद्दा शब्दाच्या व्याप्तीचा आहे. जो शब्द प्रतिकार आणि सहन या दोहोंना आपल्यात जागा देऊ शकत होता, तो बाजूस पडला आणि केवळ एकाला जागा देणारा शब्द रूढ झाला. त्याचे परिणाम पुढे दिसतात.

३

पुरुषाच्या प्रजननसंस्थेत ही संरक्षक व्यवस्था एका विलक्षण अडचणीत सापडते. आपले कोण आणि परके कोण याची पहिली शिकवण तिला गर्भावस्थेत व बालपणी मिळते. शुक्रपेशी मात्र वयात आल्यावर तयार होऊ लागतात. त्यांच्यावर अशी कित्येक प्रथिने असतात की जी शरीरात तत्पूर्वी कोठेही नव्हती. याचा अर्थ, ज्या पेशी सर्वस्वी स्वतःच्या आहेत त्याच संरक्षक व्यवस्थेला अनोळखी असतात.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या लक्षात फार लवकर आली होती. १८९९-१९०० च्या सुमारास लँडस्टायनर आणि मेचनिकॉफ यांनी प्राण्यांना शुक्रपेशी टोचून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात हे दाखविले. त्यानंतर लवकरच पॉल एर्लिक याने एक लॅटिन शब्दप्रयोग प्रचारात आणला, ज्याचा अर्थ ‘स्वतःला विषारी होण्याची भीती’ असा करता येईल. शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करणे टाळते आणि त्यासाठी त्याच्याजवळ काही योजना असली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. परंतु त्या शब्दातील भीतीने वाचकांच्या मनाची इतकी पकड घेतली की, असे विष तयार होणे अशक्यच आहे असा त्याचा अर्थ बराच काळ लावला गेला. मूळ वाक्यातील ‘योजना’ विसरली गेली आणि ‘भीती’ तेवढी लक्षात राहिली. संज्ञेमुळे शास्त्राची वाट कशी वळते, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९५३ मध्ये फ्रॉइंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगांना त्यांच्याच जातीच्या वृषणाचा अंश विशिष्ट तैलमिश्रणातून टोचला, तेव्हा त्या प्राण्यांच्या वृषणात शुक्रपेशींची निर्मिती बिघडली. १९५४ मध्ये र्‍युम्के आणि विल्सन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अपत्यहीन पुरुषांच्या रक्तात त्यांच्याच शुक्रपेशींना एकमेकींस चिकटविणारी प्रतिपिंडे आढळल्याचे नोंदविले. जे अशक्य मानले गेले होते ते माणसात प्रत्यक्ष घडत होते.

ही घटना मराठीत सांगताना ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण हटकून वापरली जाते. म्हण समर्पक वाटते, आणि प्राथमिक ओळखीसाठी ती चालेलही. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. कुंपण शेत खाते याचा अर्थ रक्षकाने विश्वासघात केला. मग एरवी कुंपण शेत का खात नाही, हा प्रश्न म्हणीत उद्भवतच नाही. न खाणे हा कुंपणाचा स्वभावच धरलेला असतो. आधुनिक संशोधनाचा सारा भर नेमका या प्रश्नावर आहे. स्वतःच्या ऊतींवर न तुटून पडणे ही संरक्षक व्यवस्थेची स्वाभाविक स्थिती नसून ती क्षणोक्षणी राखावी लागते, आणि ती राखण्याचे काम ठराविक प्रथिने करतात.

४

या संदर्भात दोन संशोधनांचा उल्लेख आवश्यक आहे. कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत ग्रेग लेम्के आणि सहकाऱ्यांनी टायरो-३, ॲक्सल आणि मर या पेशीपृष्ठावरील तीन ग्राहक प्रथिनांचा अभ्यास केला. तिन्ही प्रथिने नसलेले उंदीर जन्मले आणि वाढलेही. परंतु प्रौढ नर वंध्य निघाले, कारण त्यांच्या वृषणातील जननपेशी मरत गेल्या. हे वृत्त १९९९ साली प्रसिद्ध झाले. २००१ साली त्याच गटाने दाखविले की, या उंदरांची प्लीहा व लसीकाग्रंथी सुजतात आणि त्यांच्या शरीरात स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात. जी प्रथिने संरक्षक पेशींचा आवेग आवरतात, तीच वृषणातील सर्टोली पेशींना मृत जननपेशी वेळच्या वेळी उचलून नेण्यास साहाय्य करतात. आवेग आवरणे आणि साफसफाई करणे ही कामे येथे एकाच हाताने होतात. उंदरांवरील हा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही, हे खरे. पण संरक्षक व्यवस्थेचे संयमन आणि पुरुषाची प्रजननक्षमता ही दोन वेगळी प्रकरणे नव्हेत, एवढे त्यावरून निश्चित होते.

दुसरे संशोधन नियामक टी-पेशींचे. नवजात उंदराची थायमस ग्रंथी तिसऱ्या दिवशी काढली तर पुढे त्याच्या जननग्रंथींसह निरनिराळ्या अवयवांत शोथ उत्पन्न होतो, असे जपानमध्ये १९६९ पासूनच्या प्रयोगांत दिसले होते. त्याच धाग्यावरून जाऊन शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये इतर पेशींना आवर घालणाऱ्या टी-पेशी ओळखल्या. २००१ मध्ये मेरी ब्रुंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ज्या जनुकातील बिघाडाने ही व्यवस्था कोसळते तो जनुक शोधला. त्यापासून होणाऱ्या प्रथिनाला फॉक्स-पी-३ म्हणतात. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पेशींच्या नावाचा इतिहास भाषेच्या अभ्यासकाला उद्बोधक आहे. १९७० च्या दशकात अशाच काही पेशींना ‘दमन करणाऱ्या’ अशा अर्थाचे नाव दिले गेले होते. पुढे त्या संकल्पनेला आधारभूत मानलेला रेणू सापडेना, संकल्पना बदनाम झाली, आणि तिच्याबरोबर तो शब्दही. १९९० नंतर संशोधक त्याच प्रश्नाकडे परतले ते ‘नियामक’ हा नवा शब्द घेऊन. मराठीत मात्र काही लेखनात आजही ‘दमन’ आणि ‘नियमन’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. दमन बाहेरून होते आणि ते बंडाचे होते. नियमन आतून होते आणि ते चालू असलेल्या कामाचे होते. औषध देऊन संरक्षक व्यवस्था दाबली जाते तेव्हा ‘दमन’ योग्य. शरीर स्वतःच ती मर्यादेत ठेवते तेव्हा ‘नियमन’च म्हटले पाहिजे. हा भेद न पाळल्यास औषधाचा परिणाम आणि आरोग्याची स्थिती यांना एकच नाव मिळते.

वृषणासंबंधी आणखी एक रूपक प्रचलित आहे, ते भिंतीचे. सर्टोली पेशी एकमेकींना घट्ट जोडल्या जाऊन रक्त आणि शुक्रपेशी यांच्यात रोध निर्माण करतात; म्हणून संरक्षक व्यवस्थेला शुक्रपेशी दिसतच नाहीत, असे पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. रोध आहे हे निर्विवाद. परंतु २०१७ मध्ये केनेथ टंग आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखविले की, शुक्रपेशींचे काही प्रतिजन एरवीही त्या नलिकांतून बाहेर पाझरतात, आणि नियामक टी-पेशी त्यांच्या बाबतीत सहनशीलता टिकवून धरतात. या नियामक पेशी कमी केल्या की शोथ उत्पन्न होतो. म्हणजे भिंतीआड लपविल्याने जे रक्षण होते त्याच्या जोडीला ओळख करून दिल्याने होणारे रक्षणही आहे. युद्धाचे रूपक येथे अपुरे पडते, भिंतीचेही पडते.

५

प्रथिनांची नावे हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही आडनावे एकेकाळी हुद्दे होती. हुद्दा गेला, आडनाव राहिले. प्रथिनांचेही असेच होते. ज्या कामात ते प्रथम आढळले त्या कामाचे नाव त्याला कायमचे चिकटते. १९७५ साली एका प्रथिनाला अर्बुदाचा नाश करणारा घटक असे नाव मिळाले. तेच प्रथिन सांधेदुखीच्या शोथात पुढाकार घेते, आणि तेच वृषणात जननपेशी पुढे सरकत असताना सर्टोली पेशींमधील जोड तात्पुरते सैल करण्यास हातभार लावते, असे उंदरांवरील अभ्यासांतून दिसून आले आहे. ‘नाशक’ किंवा ‘शोथकारक’ हे त्याचे विशेषण वृषणापुरते दिशाभूल करणारे आहे. अधिक प्रमाणात ते जननपेशींना मारक, योग्य प्रमाणात आवश्यक.

महाराष्ट्रातील उदाहरण अधिक जवळचे आहे. परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेत ए. आर. शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मानवी वीर्यातील एका लहान प्रथिनाचा अभ्यास केला. पोषग्रंथीच्या एका संप्रेरकाचे स्रवण ते रोखते असे दिसल्यावरून त्याचे वर्णन ‘इन्हिबिनसदृश’ असे झाले. जननग्रंथीतील ज्या प्रथिनाला पुढे इन्हिबिन हे नाव निश्चितपणे मिळाले ते वेगळेच निघाले. वीर्यातील या चौऱ्याण्णव अमिनो आम्लांच्या प्रथिनाला दुसऱ्या प्रयोगशाळांत प्रोस्टेटच्या स्रावावरून एक आणि वीर्यावरून दुसरे नाव पडले. तर १९९१ मध्ये, इम्युनोग्लोब्युलिनला बांधणारा म्हणून ओळखला जाणारा घटकही तोच असल्याचे आढळले. एकच प्रथिन, आणि नावे चार : एक संप्रेरकशास्त्रातील, दोन उगमावरून, एक संरक्षणशास्त्रातील. मराठीत भाषांतर करताना यांपैकी एकच नाव अर्थाने उतरविले तर वाचकाच्या हाती त्या प्रथिनाची चौथाई तेवढी पडेल. म्हणून प्रथिनांची नावे लिप्यंतरित करावी आणि त्यांची कार्ये मराठीत वर्णावी, हा मार्ग शहाणपणाचा. शुद्धीच्या आग्रहापोटी प्रत्येक प्रथिनाला संस्कृत नाव देणे म्हणजे कालच्या समजुतीला आजच्या ज्ञानाचे आडनाव लावणे होय.

६

येथवरचा दोष विद्वानांच्या परिभाषेचा होता. रावेरसारख्या ठिकाणी ज्या शब्दांनी माणसाचे प्रत्यक्ष नुकसान होते ते याहून साधे आहेत.

पहिला शब्द ‘शुक्रजंतू’. ‘जंतू’ म्हणताच मराठी कानाला रोग आठवतो. ‘शुक्राणू’ हा पर्यायही निर्दोष नाही, कारण तो ‘जिवाणू’ आणि ‘विषाणू’ यांच्या पंक्तीत जाऊन बसतो. यात मराठीचा एकटीचा अपराध नाही. युरोपातही १६७७ साली लेवेनहूकने वीर्यात पाहिलेले ‘सूक्ष्म प्राणी’ पुढे शास्त्रीय नावात प्राणीच राहिले. पण ज्या विषयात शरीराने स्वतःच्या पेशीला चुकून परकी मानणे हाच रोग आहे, त्या विषयात भाषेनेही तिला जंतू म्हणावे, हा योगायोग महाग पडतो. ‘शुक्रपेशी’ हा शब्द शाळेच्या पुस्तकांतून परिचित आहे, आणि तो तिला रक्तपेशी, स्नायुपेशी यांच्या कुळात आणतो. तोच सर्वत्र वापरावा.

दुसरा शब्द ‘दाह’. या विकारातील पुरुषाला बहुधा काहीच जाणवत नाही. जळजळ नाही, दुखणे नाही. दाह आहे असे सांगितल्यावर तो तपासणीवरच अविश्वास दाखवितो. ‘शोथ’ हा शब्द अपरिचित असला तरी निदान खोटे आश्वासन देत नाही.

तिसरा शब्द मराठीने तसाच उचललेला ‘काउंट’. खेडोपाडी पुरुषाच्या प्रजननक्षमतेची सारी चर्चा या एका शब्दावर येऊन ठेपली आहे. काउंट चांगला आला की पुरुष निर्दोष ठरतो. परंतु प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या वंध्यत्वात संख्या पुरेशी असू शकते. शुक्रपेशी एकमेकींना चिकटतात, त्यांची गती खुंटते, किंवा त्या बीजांडाशी संयोग पावू शकत नाहीत. मोजणीतून हे कळत नाही; त्यासाठी प्रतिपिंडांची वेगळी चाचणी करावी लागते. अपत्यहीन जोडप्यांतील पुरुषांपैकी अंदाजे पाच ते दहा टक्क्यांत अशी प्रतिपिंडे आढळतात असे सामान्यतः मानले जाते. हा भाग मोठा नाही. पण त्यातील पुरुष ‘काउंट’च्या दाखल्यावर सुटला की पुढची सर्व तपासणी, सर्व उपास आणि सर्व बोलणी पत्नीच्या वाट्याला येतात.

येथे मराठी शब्दसंग्रहातील एक मोठी पोकळी उघडी पडते. अपत्य न झालेल्या स्त्रीसाठी ‘वांझ’, ‘वांझोटी’ हे शब्द आहेत. ते गाईला, म्हशीला, झाडालाही लावले जातात. पुरुषासाठी असा शब्दच नाही. ‘नपुंसक’, ‘षंढ’, ‘नामर्द’ हे शब्द कामशक्तीच्या अभावाचे आहेत आणि शिवीसारखे वापरले जातात. ‘निपुत्रिक’ आणि ‘निर्वंश’ हे शब्द कौटुंबिक परिणाम सांगतात, शारीरिक कारण नव्हे. म्हणजे शरीराने सर्वस्वी सशक्त, पण अपत्य होऊ न शकणारा पुरुष ही अवस्था बोलीत नामहीन आहे. ज्या अवस्थेला नाव नाही ती स्वीकारणेही कठीण होते. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर ‘तुमच्यात दोष आहे’ असे म्हणतात. पुरुष ‘तुम्ही नपुंसक आहात’ असे ऐकतो, आणि तो पुन्हा तपासणीस येत नाही. ‘दोष’ या शब्दाने भर पडते ती वेगळीच. वैद्यकातील दोष आणि नीतीतील दोष मराठीत एकाच शब्दाने सांगितले जातात. म्हणून ‘दोष कोणात?’ हा प्रश्न घरात विचारला जातो तेव्हा तो निदानाचा राहत नाही, अपराधनिश्चितीचा होतो.

या अपराधनिश्चितीमागे बीज आणि क्षेत्र हे जुने रूपक आहे : पुरुष बी, स्त्री शेत. बी चांगलेच धरायचे आणि पीक न आल्यास शेत नापीक म्हणायचे. रावेरच्या मातीत हे रूपक शेतीलाही लागू पडत नाही, हे सांगितले पाहिजे. येथील मुख्य पीक जी केळी, तिला बी नाही. तिची लागवड मुनव्यांपासून, कंदांपासून किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासून होते, आणि फळ परागणावाचून धरते. घड निसवून झाल्यावर खाली उरलेले नरफुलांचे केळफूल शेतकरी स्वतः कापून टाकतो. ज्या शेतकऱ्याला आपल्या बागेतील पुनरुत्पादनाचा प्रकार इतका बारकाईने ठाऊक आहे, त्याला माणसाच्या बाबतीत बी-शेताचे ढोबळ रूपक सोडून देण्यास सांगणे अवघड नसावे.

७

वंध्यत्वाच्या भाषेवर महाराष्ट्रात राज्ययंत्रणेचाही ठसा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यांच्यामुळे ‘नियमन’ हा शब्द प्रजननाच्या चर्चेत आला तो व्यक्तीच्या विवेकाचा शब्द म्हणून. पुढे शासकीय मोहिमांत त्याचा अर्थ संख्येवरील मर्यादा एवढाच उरला. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही, पण भीतीला मान्यतेची गरज नव्हती. लोकांच्या मनात ‘नसबंदी’ आणि बैलाचे ‘खच्चीकरण’ हे शब्द जवळ आले. ‘खच्ची करणे’ म्हणजे मन मारणे, हा मराठीतील लाक्षणिक अर्थ त्यात मिसळला.

शास्त्रीय वस्तुस्थिती निराळी आहे. नसबंदीने पौरुष जात नाही. शस्त्रक्रियेनंतर निम्म्याहून अधिक पुरुषांत शुक्रपेशींविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात. तरीही त्यामुळे त्यांना अन्य स्वयंप्रतिकारी रोग होत असल्याचे मोठ्या पाहण्यांत आढळलेले नाही. उंदरांवरील २०११ च्या अभ्यासात, नसबंदीनंतर शरीर शुक्रपेशी सोसते की त्यांच्यावर उलटते हे नियामक टी-पेशींवर अवलंबून असल्याचे दिसले. मात्र नळी पुन्हा जोडून घेणाऱ्या काही पुरुषांत ती प्रतिपिंडे अपत्यप्राप्तीच्या आड येतात. एवढी साधी गोष्ट नीट सांगावयाची तर नसबंदी, वंध्यत्व आणि नपुंसकत्व हे तीन शब्द एकमेकांपासून स्वच्छ वेगळे ठेवावे लागतात. आजच्या बोलीत ते तसे नाहीत.

८

या चिकित्सेवर एक आक्षेप संभवतो. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही इंग्रजी शब्द वापरतात. मग मराठी संज्ञांचा एवढा विचार कशाला? उत्तर असे की, इंग्रजी शब्द उसना घेतल्याने त्याचा अर्थ मराठीत समजावून देण्याचे काम टळत नाही, आणि ते समजावणे शेवटी घरच्याच शब्दांत होते. ‘काउंट’ची जी गत झाली ती याचे प्रमाण आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रतिकाराचे रूपक सोडले तर लसीकरणाचे महत्त्व लोकांना कसे पटवावे? ते सोडण्याची आवश्यकता नाही. साथीच्या रोगांपुरते ते यथार्थ आहे. आवश्यकता आहे ती त्याच्या जोडीला दुसरी संज्ञा ठेवण्याची. आणि ती शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. शेतीच्या मराठीत पिकाच्या वाणाचे वर्णन करताना ‘रोगास प्रतिकारक’ आणि ‘रोगास सहनशील’ असा भेद नित्य केला जातो. केळीवरील करप्याशी झुंजणाऱ्या रावेरच्या बागाईतदाराला हे दोन शब्द एक नाहीत हे पक्के ठाऊक असते. अर्थात झाडाची सहनशीलता म्हणजे रोग होऊनही उत्पन्न टिकणे, आणि शरीराची सहनशीलता म्हणजे आपल्याच घटकावर न उलटणे. दोहोंत अंतर आहे, आणि शिकविताना ते सांगितलेच पाहिजे. पण रोगाशी संबंध दोन प्रकारांनी असू शकतो, तोडण्याचा आणि सोसण्याचा, ही मूळ जाणीव त्या भाषिकाजवळ आधीच आहे. वैद्यकाच्या परिभाषेने तिचा उपयोग करून घेतलेला नाही.

तेव्हा व्यवहारापुरते इतके सुचविता येईल. समग्र व्यवस्थेसाठी ‘रोगक्षमता’, तिच्या एका अंगासाठी ‘प्रतिकार’ आणि दुसऱ्या अंगासाठी ‘सहनशीलता’ असे तीन शब्द योजावेत. शरीराच्या स्वतःच्या संयमनासाठी ‘नियमन’ आणि औषधाने घातलेल्या बंधनासाठी ‘दमन’ हा भेद पाळावा. ‘शुक्रजंतू’च्या जागी ‘शुक्रपेशी’ वापरावा. निदान सांगताना ‘दोष’ शब्द टाळून ‘कारण’ म्हणावे. दोष कोणाचा असतो, कारण कशाचे असते. आणि ‘वंध्य’ हे विशेषण पुरुषालाही निःसंकोच लावावे, म्हणजे त्याला नपुंसक म्हणण्याची पाळी येणार नाही.

शब्द बदलल्याने प्रतिपिंडे नाहीशी होणार नाहीत. त्यासाठी उपचार आहेत. शुक्रपेशी थेट बीजांडात सोडण्याची १९९२ पासून ज्ञात झालेली पद्धत त्यांपैकी एक, आणि ती खर्चाची आहे. परंतु उपचाराच्या आधी तपासणी, आणि तपासणीच्या आधी ती करून घेण्याची तयारी असावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार प्रौढांपैकी सुमारे सहांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. त्यांतील जे पुरुष मराठीत विचार करतात त्यांना आपली अवस्था शिवीवाचून सांगता आली, तर निदान त्यांच्या पत्नींना न झालेल्या रोगाची तपासणी वर्षानुवर्षे करून घ्यावी लागणार नाही. परिभाषेकडून एवढी अपेक्षा करणे अवाजवी नाही.